किमान पन्नास ते कमाल पन्नास : कोल्हापूरचा हुकूम आणि न्यायालयांचे निकाल

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल दिला. प्रवेश देताना विद्यार्थ्याचा वंश विचारात घेण्याची अनेक दशके चालत आलेली पद्धत घटनाबाह्य ठरली. त्या दिवसापासून आपल्याकडे एक मेसेज फिरतो आहे. 'बघा, अमेरिकेनेसुद्धा आरक्षण बंद केले. आता भारत कधी शहाणा होणार?' कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसच्या ग्रुपवर, टीव्हीच्या चर्चेत हा प्रश्न आपल्या पोरांच्या तोंडावर फेकला जातो. आपली पोरे चिडतात किंवा गप्प बसतात. दोन्हीने काम भागत नाही. या प्रश्नाला इतिहासातून उत्तर आहे आणि ते उत्तर वॉशिंग्टनला नाही, कोल्हापुरात आहे.

मित्रांनो, आरक्षणाची चर्चा आली की '५० टक्के' हा आकडा येतोच. हा आकडा पहिल्यांदा कोणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि पुढे न्यायालयांनी त्याचे काय केले, एवढे नीट समजले तर अमेरिकेचा निकालही समजतो आणि आपल्या घरातला डावही समजतो.

२६ जुलै १९०२

१८९४ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानाचा कारभार हाती घेतला. तेव्हा दरबारच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे जेमतेम १० होत्या. संस्थानातली बहुसंख्य रयत मात्र मराठा, कुणबी, धनगर, महार, मांग, चांभार, मुसलमान, लिंगायत, जैन. कर भरणारे एक आणि कारभार करणारे दुसरे, असा हा मामला होता. तिथे कोणतीही स्पर्धा परीक्षा झाली नव्हती. म्हणजे ज्याला आज 'मेरिट' म्हणतात, ते त्या काळी आडनावातच होते.

महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत गेले होते. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो प्रसिद्ध हुकूम छापला गेला. आपण सगळे त्याची जयंती साजरी करतो, पण हुकूम नीट वाचणारे थोडे. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, हुकूम पोचल्यापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. दुसरी, ज्या कचेरीत मागास वर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांपेक्षा कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातल्या माणसाची करायची. तिसरी, या हुकमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करायचा.

आता या तीन कलमांचा अर्थ लावा. '५० पेक्षा जास्त देऊ नका' असे कुठे लिहिले आहे का? नाही. दुसरे कलम तर स्पष्ट सांगते की ५० च्या खाली आहात तोवर पुढची जागा यांचीच. ही खालची मर्यादा आहे. शाहूंचे पन्नास हे किमान पन्नास आहेत. तिसरे कलम त्याहून महत्त्वाचे. जबाब कोणी द्यायचा? खातेप्रमुखाने. 'आम्ही मागास आहोत हो' असा पुरावा घेऊन महाराने किंवा धनगराने दारात उभे राहायचे नाही. ज्याच्या हातात नेमणुकीचा अधिकार आहे त्यानेच तीन महिन्यांचा हिशेब द्यायचा. परिणामही दिसला. १९१२ पर्यंत ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडची पदे ३५ वर आली.

विरोध अर्थातच झाला. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. योग्यता पाहून द्या, जात पाहून नको, असे त्यांचे म्हणणे. महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेले आणि सगळ्यांचा चंदी-चारा एकत्र टाकायला लावला. दांडगी घोडी पुढे घुसली, लाथा झाडून लहानांना मागे रेटले आणि सगळे खाऊन बसली. शिंगरे आणि दुबळी घोडी कडेला उभी राहिली. ही गोष्ट शब्दशः कशी घडली हा वाद बाजूला ठेवा. तिच्यातला वकिलाचा मुद्दा लक्षात ठेवा : 'नियम सर्वांना सारखा असावा.' पुढची शंभर वर्षे न्यायालयात हाच मुद्दा वेगवेगळे कोट घालून येणार आहे.

स्वतंत्र भारत आणि पहिला धक्का

संविधान लागू होऊन सव्वा वर्षही झाले नव्हते. मद्रास प्रांतात जातवार जागावाटपाचा एक सरकारी आदेश होता. दर १४ जागांमागे ६ ब्राह्मणेतर हिंदू, २ मागास हिंदू, २ ब्राह्मण, २ दलित, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती, १ मुस्लिम. चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिलेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तो आदेश रद्द केला. गंमत अशी की बाईंनी मेडिकल कॉलेजात प्रवेशासाठी अर्जच केला नव्हता. हे तपशील लक्षात असू द्या, कारण अमेरिकेतही आपल्याला असाच फिर्यादी भेटणार आहे.

मद्रासेत पेरियारांच्या चळवळीने रान पेटवले. दिल्लीत कायदेमंत्री होते बाबासाहेब. संसदेत त्यांनी हा निकाल असमाधानकारक असल्याचे स्पष्ट सांगितले. न्यायालयाचा निर्णय मी पाळीन, पण त्याचा आदर करण्याचे बंधन माझ्यावर नाही, ही वकिलाची मोकळीक त्यांनी तिथे बोलून दाखवली. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद १५(४) आले. शिक्षणातल्या आरक्षणाला आज जो आधार आहे, तो न्यायालयाने दिलेला नाही. न्यायालयाने काढून घेतल्यावर चळवळीने आणि संसदेने तो मिळवला. निकाल म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

किमानाचे कमाल कसे झाले

दुसरा धक्का १९६२ चा. म्हैसूर सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निकाल लिहिला न्या. गजेंद्रगडकर यांनी, साताऱ्यात जन्मलेला आपल्याच मुलखातला माणूस. ढोबळ मानाने बोलायचे तर आरक्षण ५० टक्क्यांच्या आत असावे, किती आत ते परिस्थितीवर अवलंबून, असे त्यात म्हटले गेले. हा आकडा कोणत्या जनगणनेतून आला? कोणत्या अनुच्छेदातून आला? अनुच्छेद १५(४) मध्ये आकडा नाही. १६(४) मध्येही नाही, तिथे फक्त 'पुरेसे प्रतिनिधित्व' आहे. ढोबळ म्हणून सांगितलेला आकडा पुढे पक्का होत गेला.

१९७५ साली एन. एम. थॉमस खटल्यात खिडकी उघडली. आरक्षण हा समतेला अपवाद नाही, ते समतेचेच एक रूप आहे, अशी भूमिका बहुमताने घेतली. न्या. फझल अली आणि न्या. कृष्ण अय्यर यांनी पन्नासचा आकडा काही ब्रह्मवाक्य नाही असे सुचवले. पण १६ नोव्हेंबर १९९२ ला मंडल खटल्यात, म्हणजे इंद्रा साहनी निकालात, ओबीसींचे २७ टक्के मान्य करतानाच ५० टक्क्यांची वरची मर्यादा नियम म्हणून बांधली गेली. दूरच्या, मुख्य प्रवाहाबाहेरच्या लोकांसाठी अपवादात्मक परिस्थितीचे लहानसे दार ठेवले, तेवढेच.

शाहूंचे किमान पन्नास असे कमाल पन्नास झाले. आकडा तोच, अर्थ उलटा. कोल्हापुरात ५० हे वंचितांना दिलेले आश्वासन होते. दिल्लीत ते उरलेल्यांना दिलेले आश्वासन बनले.

इथे विरोधक एक पत्ता टाकतात आणि तो खोटा नाही. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खुद्द बाबासाहेबांनी म्हटले होते की समान संधीचे तत्त्व टिकवायचे तर राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात. ७० टक्के राखीव आणि ३० टक्के खुल्या असे झाले तर ते तत्त्व उरेल काय, असे उदाहरणही दिले आणि तसे झाल्यास न्यायालयात जाता येईल असेही सांगितले. हे भाषण लपवू नका. प्रतिपक्षाने दाखवण्याआधी आपणच वाचलेले असले पाहिजे.

पण मग पुढचा प्रश्नही विचारा. हे तत्त्व अभेद्य असेल तर ते सर्वांना लागू व्हायला हवे ना? ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा मराठा आरक्षण कायदा रद्द केला. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी अपवादात्मक परिस्थिती नाही आणि इंद्रा साहनीचा फेरविचार करण्याची गरज नाही, असे कारण दिले. त्यानंतर दीड वर्षात, ७ नोव्हेंबर २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी आर्थिक दुर्बलांचे १० टक्के वैध ठरवले. केंद्रात १५, साडेसात आणि २७ मिळून साडेएकोणपन्नास होतेच, त्यावर १० चढले आणि एकूण साडेएकोणसाठ झाले. तेव्हा बहुमताने सांगितले की ५० ची मर्यादा लवचिक आहे आणि ती अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गीयांच्या आरक्षणापुरतीच आहे.

म्हणजे भिंत आहे, पण फक्त आपल्या बाजूने. शिवाय या १० टक्क्यांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबाला जागाच नाही. न्या. रवींद्र भट यांनी आणि त्यांच्याशी सहमत झालेल्या सरन्यायाधीश लळित यांनी हेच बहिष्करण समतेच्या गाभ्याला धक्का देणारे आहे असे विरोधी मत नोंदवले. ते मत प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे.

आणि या कमाल मर्यादेचा खरा चटका कोणाला बसतो ते पाहा. १९०२ च्या हुकमात मराठा आणि महार एकाच 'मागासलेल्या वर्गां'च्या रांगेत होते. आज छत खाली आणून ठेवल्यामुळे खोलीतले लोक एकमेकांना ढकलत आहेत. मराठा विरुद्ध ओबीसी, ओबीसी विरुद्ध दलित, दलितांत पुन्हा जात विरुद्ध जात. छत कोणी बांधले, यावर कोणी बोलत नाही.

अमेरिकेत नेमके काय झाले

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या युक्तिवादाचे मूळ १८९६ च्या प्लेसी खटल्यात आहे. काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांसाठी रेल्वेचे वेगळे डबे वैध, असा तो कुप्रसिद्ध निकाल. त्यात एकट्या न्या. हार्लन यांनी विरोधी मत दिले आणि 'संविधान रंगांध आहे', म्हणजे ते रंग पाहत नाही, असे म्हटले. हे वाक्य आज आरक्षणाच्या विरोधात वापरले जाते. पण त्याच परिच्छेदात हार्लन असेही लिहून गेले की प्रतिष्ठा, शिक्षण, संपत्ती आणि सत्ता यांत गोरा वंशच वरचढ आहे आणि आपला वारसा जपला तर पुढेही राहील. हा रंगांधपणा वर्चस्व गृहीत धरून होता. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबियात शिकत होते, तेव्हा अमेरिकेत याच प्लेसीचे राज्य होते.

१९७८ साली बॅके खटल्यात कॅलिफोर्नियाच्या एका मेडिकल कॉलेजातल्या १०० पैकी १६ राखीव जागा रद्द झाल्या. ठरावीक कोटा नको, पण विविधतेसाठी वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून पाहता येईल, असे ठरले. इथे लक्ष द्या. तिथे आरक्षणाचा पाया 'अन्यायाची भरपाई' हा राहिलाच नाही. गोऱ्या विद्यार्थ्यांना वर्गात वेगवेगळे अनुभव मिळावेत, ही 'विविधता' पाया झाली. २००३ च्या ग्रटर खटल्यात न्या. ओकॉनर यांनी २५ वर्षांनी याची गरज उरणार नाही अशी अपेक्षा लिहून ठेवली. २०२३ मध्ये वीस वर्षांतच न्यायालयाने दार लावले.

फिर्यादी कोण? एडवर्ड ब्लम या गोऱ्या कार्यकर्त्याने २०१४ साली उभी केलेली संघटना. ते स्वतः विद्यार्थी नव्हते. अर्ज न करता दाद मागणाऱ्या चंपकमबाई आठवा. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी पुढे ठेवून खटला चालवला गेला. त्यात आपल्याकडच्या उच्चजातीय स्थलांतरितांची मुलेही मोडतात, हे विसरू नका.

आणि गुणवत्तेचे काय? हार्वर्डच्या खटल्यात उघड झालेल्या नोंदींवर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा देणगीदार-वजनदारांच्या खास यादीतले होते. न्यायालयाने वंशाचा विचार बंद केला, बापाच्या पदवीचा विचार चालू राहिला. आडनावाची गुणवत्ता तिकडेही शाबूत आहे.

निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशात एमआयटीमध्ये काळ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ वर आले. येलसारख्या काही ठिकाणी ते फारसे हलले नाही, हेही खरे. याचा अर्थ संस्थेने मनावर घेतले तर वाट निघते, नाही घेतले तर दार बंद. हक्क गेला की कृपा उरते. न्या. केतनजी जॅक्सन यांनी विरोधी मतात सांगितले ते हेच : कायद्यात वंश नाही म्हटल्याने तो आयुष्यातून जात नाही.

मग त्या मेसेजला उत्तर काय?

पहिले उत्तर, अमेरिकेत आपल्यासारखे आरक्षण कधी नव्हतेच. तिथल्या संविधानात अनुच्छेद १५(४), १६(४), ४६, ३३५ यांसारखी तरतूद नाही. तिथे आधार होता निकालांचा, म्हणून निकालाने तो गेला. आपला आधार संविधानाच्या मजकुरात आहे. २००८ च्या अशोक कुमार ठाकूर खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अमेरिकेची कडक छाननीची कसोटी इथे जशीच्या तशी लागू होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात तर, परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, गुणांमागे सामाजिक भांडवलही असते, असे त्याच न्यायालयाने लिहिले. हे दोन निकाल त्या मेसेजखाली उत्तर म्हणून टाका.

दुसरे उत्तर आपल्या स्वतःसाठी. अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा मार्ग का आक्रसला? कारण मूळ दावा, म्हणजे 'आमचा वाटा द्या', हळूहळू 'आमच्यामुळे तुम्हाला विविधता मिळते' असा झाला. आपल्याकडेही भाषा बदलते आहे. प्रतिनिधित्वाचा शब्द जाऊन गरिबीचा शब्द येतो आहे. आरक्षण ही गरिबी हटाव योजना नाही, सत्तेतला वाटा आहे. हे शाहूंच्या हुकमात स्वच्छ आहे. त्यात उत्पन्नाचा दाखला कुठेच मागितलेला नाही.

कोल्हापूरला आलेले न्यायालय

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कित्येक वर्षांची मागणी होती. आदल्या दिवशी उद्घाटन केले सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. १९०२ चा हुकूम निघालेल्या गावात एक आंबेडकरी बौद्ध सरन्यायाधीश म्हणून येतो, याचा आपल्याला अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. पण १ ऑगस्ट २०२४ च्या उपवर्गीकरणाच्या निकालात अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रीमी लेयर शोधण्याचे धोरण राज्याने आखावे, हे मतही न्या. गवई यांचेच आहे. आपल्यातल्या अनेकांना ते पटलेले नाही. अभिमान आणि मतभेद दोन्ही एकाच वेळी बाळगता येतात. बाबासाहेबांनी १९५१ ला तेच केले. माणूस पाहून टाळ्या वाजवू नका, माणूस पाहून शिव्याही देऊ नका, निकालातली कारणे वाचा.

आणि हे बेंच आपल्या उपयोगाचे कसे होईल? ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४अ नुसार जामिनाविषयीची अपिले उच्च न्यायालयात चालतात. कलम १५अ नुसार पीडिताला सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. जात पडताळणी समितीच्या निर्णयाविरुद्धही इथेच दाद मागावी लागते. आजवर आटपाडी किंवा गडहिंग्लजच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत होती. आता एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. प्रत्येक तालुक्यातून दोन-तीन तरुण वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी या तारखा सांभाळण्याचे काम अंगावर घ्यावे.

दुसरे काम हिशेबाचे. २००६ च्या नागराज निकालापासून पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर आकडेवारी दाखवा असे न्यायालय म्हणते. शाहू महाराज हेच आकडे खातेप्रमुखाकडून दर तिमाहीला मागवत होते. आपणही मागू. जिल्हा परिषद, महापालिका, विद्यापीठ, साखर कारखाने, सहकारी बँका : कोणत्या पदावर कोण, किती जागा रिकाम्या, किती कंत्राटावर? सरकारी कार्यालयांसाठी माहितीचा अधिकार हाताशी आहे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले आहे. ते आकडे बाहेर आले की पन्नासचे छत कोणत्या पायावर उभे आहे, हा प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर जाणारच. तेव्हा आपल्या हातात घोषणा नको, तक्ता हवा.

२१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी आपल्या लोकांना सांगितले होते की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्या पुढाऱ्याने आपल्या हातात संविधान दिले. ते वाचणे, त्यावरचे निकाल वाचणे आणि चुकलेल्या निकालाविरुद्ध रस्त्यावर, संसदेत आणि न्यायालयात उभे राहणे, हे आता आपले काम आहे.

जय भीम! जय शाहू! जय संविधान!